‘तू काठावर बस’ : पोहण्याच्या एका शर्यतीचा इतिहास

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, सवडीने वाचा. आज राजकारण नाही, नगरपालिका नाही, कापसाचा भावही नाही. आज पोहण्यावर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचलं तर कळेल की विषय आपल्या गावचाच आहे.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा दहा वर्षांचा. जन्मापासून डावा हात कोपराच्या खाली वाढलेला नाही. उन्हाळी सुट्टीत जवळच्या एका शहरात पोहण्याचं शिबिर होतं. बापाने फॉर्म भरला, पैसे भरायला गेला, तर तिथल्या माणसाने मुलाकडे पाहिलं आणि फॉर्म परत दिला. “काका, जबाबदारी कोण घेणार? काही झालं तर? त्याला काठावर बसून बघू द्या ना.”

मला वाटलं, आता हे म्हणणार बातमी लावा. पण ते म्हणाले, “दादा, बातमी नको. भांडण नाही करायचं आपल्याला. फक्त एक सांगा, तुम्ही वाचणारे माणसं. एका हाताने पोहता येतं का खरंच? की मीच पोराला उगा आशा लावतोय?”

मी तेव्हा “बघून सांगतो” म्हणालो. पण ‘तू काठावर बस’ हे तीन शब्द काही डोक्यातून जाईनात. त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी त्या गृहस्थांना जे उत्तर द्यायचं होतं, ते इथे सगळ्यांसमोर देतो. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

चार हातांची शर्यत

आपल्याकडे विहिरीत, कालव्यात, गिरणेच्या डोहात शिकलेला माणूस साधारण दोन प्रकारे पोहतो. एक, पालथं पडून हात मारत. दुसरं, थकला की उताणं पडून तरंगत. काही जणांना बेडकासारखं पोहता येतं. फुलपाखरासारखं, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे फेकत पोहणं, हे आपल्या विहिरीवर मी तरी कुणाला करताना पाहिलं नाही.

ऑलिंपिकमध्ये एक शर्यत अशी आहे, ज्यात एकाच माणसाला हे चारही प्रकार पोहावे लागतात. तिचं नाव वैयक्तिक मेडली. क्रम ठरलेला : आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल. ४०० मीटरच्या शर्यतीत प्रत्येक प्रकार १०० मीटर, २०० मीटरच्या शर्यतीत ५०-५० मीटर. ज्याचा एक हात सोन्याचा आणि दुसरा पितळेचा, त्याची इथे डाळ शिजत नाही. सगळंच जमावं लागतं. म्हणून जाणकार लोक म्हणतात, पूर्ण पोहणारा कोण हे बघायचं तर ही शर्यत बघावी.

या शर्यतीचा इतिहास तसा फार जुना नाही. बटरफ्लाय हा प्रकार ब्रेस्टस्ट्रोकपासून नियमाने वेगळा झाला तोच १९५२ नंतर. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा स्वतंत्र आला. चार प्रकार झाले तेव्हा कुठे आजची मेडली जमली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ४०० मीटर मेडली पहिल्यांदा झाली १९६४ साली, टोकियोत. २०० मीटरची आली १९६८ मध्ये मेक्सिकोत. मधे दोन ऑलिंपिक ती बंदही होती, १९८४ पासून परत सुरू झाली.

आता पहिल्याच शर्यतीची गंमत ऐका. गंमत म्हणजे काय, अंगावर काटा येईल अशी गोष्ट आहे.

पोटात अपेंडिक्स, गळ्यात सुवर्णपदक

१९६४, टोकियो. अमेरिकेचा डिक रॉथ, वय १७. म्हणजे आपल्याकडे बारावीचं पोरगं. शर्यतीच्या काही दिवस आधी त्याच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स आहे, ऑपरेशन करावं लागेल. पोरगा म्हणाला, आधी शर्यत. तो तसाच उतरला आणि ४ मिनिटं ४५.४ सेकंदांत विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेऊन गेला.

(हे वाचून कुणी पोटदुखी अंगावर काढू नका. आपल्याकडे आधीच लोक दवाखान्यात उशिरा जातात. ही गोष्ट हिमतीची आहे, शहाणपणाची नाही.)

हे मी एवढ्यासाठी सांगितलं की या शर्यतीच्या विक्रमांची यादी काढून बसलो, तर मला एक गोष्ट दिसली. या यादीत ‘तू नको उतरू’ असं ज्यांना सहज म्हणता आलं असतं, अशी माणसं बरीच आहेत.

हंगेरीचा तमाश दार्नी घ्या. लहानपणी बर्फाच्या गोळ्यांनी खेळताना डोळ्याला मार लागला आणि एका डोळ्याची नजर गेली. हा माणूस १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये २०० आणि ४०० मीटर, दोन्ही मेडली जिंकला, दोन्हीत विश्वविक्रम केला. ४०० मीटरला ४ मिनिटं १४.७५ सेकंद. चार वर्षांनी बार्सिलोनात दोन्ही परत जिंकला. १९९१ मध्ये २०० मीटर मेडली दोन मिनिटांच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूसही तोच, १ मिनिट ५९.३६ सेकंद.

दार्नीनंतर ४०० मीटरचा विक्रम मोडला अमेरिकेच्या टॉम डोलनने, १९९४ साली रोममध्ये. ४ मिनिटं १२.३० सेकंद. डोलनला दमा होता आणि त्याची श्वासनळीही अरुंद होती. आपल्या घरात दम्याचं पोर असेल तर आपण त्याला पावसात भिजू देत नाही. हा गडी २००० साली सिडनीत आपलाच विक्रम मोडून दुसऱ्यांदा ऑलिंपिक जिंकला, ४ मिनिटं ११.७६ सेकंद.

मग आला मायकेल फेल्प्स. हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. लहानपणी याचं लक्ष एका जागी टिकत नव्हतं, शाळेत टिकून बसता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला तसं नावही दिलं होतं. त्याने २००२ ते २००८ या काळात ४०० मेडलीचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. २००८ च्या बीजिंगमध्ये त्याने आठ सुवर्णपदकं घेतली, त्यातलं पहिलं याच शर्यतीचं होतं. वेळ ४ मिनिटं ३.८४ सेकंद. आणि २०० मीटर मेडली तर त्याने २००४, २००८, २०१२ आणि २०१६ अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये जिंकली.

फेल्प्सचा तो ४०० मीटरचा विक्रम जवळपास पंधरा वर्षं टिकला. २३ जुलै २०२३ रोजी जपानमधल्या फुकुओकात फ्रान्सच्या लिऑन मार्शांने तो मोडला, ४ मिनिटं २.५० सेकंद. मार्शांला शिकवणारे बॉब बोमन हेच फेल्प्सचे गुरू. आणि विक्रम मोडला तेव्हा फेल्प्स स्वतः तिथे समालोचन करत होता, मार्शांच्या गळ्यात पदक त्यानेच घातलं. आपला विक्रम मोडणाऱ्याला आपल्या हाताने पदक घालणं, हे आपल्या तालुक्याच्या राजकारणात कधी पाहिलंय का? असो. २०२५ च्या जुलैत सिंगापूरला याच मार्शांने २०० मीटरचा विक्रमही खाली आणला. रायन लॉक्टीचा १ मिनिट ५४.०० चौदा वर्षं टिकला होता, मार्शांने १ मिनिट ५२.६९ केला.

एक हिशेब सांगतो. रॉथचा १९६४ चा वेग धरला आणि आज मार्शांला त्याच्या शेजारच्या लेनमध्ये सोडलं, तर मार्शां भिंतीला हात लावेल तेव्हा रॉथचे अजून साठ मीटर बाकी असतील. तलावाची एक पूर्ण लांबी आणि वर दहा मीटर. साठ वर्षांत माणूस इतका पुढे गेला.

ऑगस्ट १९७२ : दोन तलाव

आता जरा थांबा, कारण इथून गोष्ट आपल्याकडे वळते.

३० ऑगस्ट १९७२. पश्चिम जर्मनीतलं म्युनिक. ४०० मीटर मेडलीची अंतिम फेरी. स्वीडनचा गुनार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी, दोघांनी भिंतीला हात लावला आणि फलकावर दोघांचीही वेळ सारखीच दिसली, ४ मिनिटं ३१.९८. मग अधिकाऱ्यांनी यंत्रातला तिसरा आकडा बघितला. लार्सन ३१.९८१, मॅकी ३१.९८३. सेकंदाच्या दोन हजारांश भागाने लार्सनला सुवर्ण आणि मॅकीला रौप्य.

त्या वेगाने दोन हजारांश सेकंदात माणूस किती पुढे जातो? मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. साधारण तीन मिलीमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर! आणि पन्नास मीटरच्या तलावात एका लेनची भिंत दुसरीपेक्षा दोन-चार मिलीमीटर इकडे-तिकडे असू शकते. म्हणजे माणूस जिंकला की गवंडी जिंकला, हेच कळेना. पुढे नियमच बदलला. आता शंभरांशापर्यंतच मोजतात, वेळ सारखी आली तर पदक दोघांनाही.

ही शर्यत जगाच्या इतिहासात गेली. पण त्याच महिन्यात, त्याच देशात, म्हणजे पश्चिम जर्मनीतल्याच हायडेलबर्ग शहरात, एका दुसऱ्या तलावात एक मराठी माणूस पोहून गेला होता. त्याची आठवण आपल्याला यायला पन्नास वर्षं लागली.

मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातलं पेठ इस्लामपूर हे त्यांचं गाव. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. १९७० साली एडिनबर्गला अपंगांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण घेतलं, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य. आणि ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पाय एक इंच हलत नसताना!

त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा आला, मग २०२५ च्या जानेवारीत अर्जुन जीवनगौरव पुरस्कार. माझी डिप्लोमाची वर्षं, मग एवढी वर्षं पत्रकारिता, पण खरं सांगतो, पेटकरांचं नाव मी पद्मश्रीच्या यादीत पहिल्यांदा वाचलं. आपण बातमीवाले, आपल्यालाच माहीत नाही, तर लोकांना काय माहीत असणार? आपणही त्यांना एक प्रकारे काठावरच बसवलं होतं.

करमाळ्याचा सुयश

पेटकर फ्रीस्टाइलचे. मेडलीत, म्हणजे चारही प्रकारांच्या शर्यतीत आपला मराठी माणूस कोण? या प्रश्नाचं उत्तर सोलापूर जिल्ह्यात सापडतं. करमाळा तालुक्यातला सुयश जाधव.

सुयशचा जन्म १९९३ चा. शाळेत असताना, २००४ साली, नात्यातल्या एका लग्नाच्या ठिकाणी हातातल्या लोखंडी सळईचा विजेच्या तारेला स्पर्श झाला. दोन्ही हात कोपरापासून खाली काढावे लागले. दोन्ही. वडील स्वतः पोहणारे, त्यांनीच त्याला आधी पोहायला शिकवलेलं होतं.

आता जरा विचार करा. पोहताना पाणी मागे ढकलतं कोण? पंजा आणि कोपराखालचा हात. तेच माणसाचं वल्हं. वल्हं काढून घेतलेली होडी घेऊन हा पोरगा पाण्यात परत उतरला. पुढे पुण्यात बालेवाडीला तपन पाणिग्रही सरांकडे सराव केला. रिओ पॅरालिंपिकसाठी ‘अ’ दर्जाची पात्रता वेळ गाठणारा तो पहिला भारतीय पॅरा जलतरणपटू ठरला आणि २०१६ ला तिथे भारताकडून पोहला.

मग ऑक्टोबर २०१८, जकार्ता, आशियाई पॅरा स्पर्धा. ५० मीटर बटरफ्लायमध्ये सुयशने ३२.७१ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये कांस्य. आणि २०० मीटर वैयक्तिक मेडलीतही कांस्य, वेळ २ मिनिटं ५६.५१ सेकंद.

त्या मेडलीच्या कांस्यपदकाची बातमी तेव्हा दोन ओळींत संपली असेल. पण माझ्या मते ते पदक सोन्याच्या बरोबरीचं आहे. का, ते सांगतो.

बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम पुढे फेकायचे, खरं काम कंबर आणि पाय करतात. तिथे सुयशची ताकद दिसते. पण मेडलीत त्यानंतर उताणं व्हायचं, मग ब्रेस्टस्ट्रोक. ब्रेस्टस्ट्रोक हा पंजांनी पाणी फाकवायचा प्रकार, आणि पंजेच नाहीत. वर नियम कडक. पाय जरा वेगळे हलले की बाद. टोकियो पॅरालिंपिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला सुयश असाच नियमभंगासाठी बाद ठरवला गेला होता. त्यानंतर शेवटचे ५० मीटर फ्रीस्टाइल, जेव्हा छाती फुटायला आलेली असते. जो प्रकार आपल्या शरीराला सगळ्यात अवघड, तो टाळायची सोय या शर्यतीत नाही. हवे ते प्रश्न सोडवा असा हा पेपर नाही, सगळे प्रश्न सोडवायचे.

आणि कुणी म्हणेल, अपंगांच्या स्पर्धेत काय, सगळेच तसे. नाही हो. तिथे शरीराच्या क्षमतेप्रमाणे गट असतात. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लायसाठी ‘एस’, ब्रेस्टस्ट्रोकसाठी ‘एसबी’ आणि मेडलीसाठी ‘एसएम’, पुढे आकडा. सुयश मेडलीला ‘एसएम ७’ मध्ये. ज्यांच्या शरीराला चारही प्रकार झेपतच नाहीत, अशा गटांसाठी बटरफ्लाय वगळून तीन प्रकारांची १५० मीटरची मेडली ठेवलेली आहे. म्हणजे जगाने या लोकांना काठावर बसवण्यापेक्षा शर्यतच त्यांच्या मापाची शिवून दिली. आपल्यापैकी धडधाकट, दोन हात, दोन पायवाले किती जण न थांबता दोनशे मीटर पोहतील? मी तर नाही. शंभरालाच माझा फेस येईल.

सुयशला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. करमाळ्याच्या पोराला.

मग अडचण कुठे आहे?

महाराष्ट्रात पोहणारे नाहीत असं नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ वर्षांचा असताना बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य आणलं. १९८६ ला खजान सिंग यांनी रौप्य आणलं, त्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला आशियाई जलतरणात पदक मिळालं ते याच्यामुळे. पुढे तो आपल्याच राज्यात तहसीलदार झाला.

पण कोल्हापूर, पुणे, मुंबई. आपल्या खान्देशातल्या पोराने चार हात शिकायचे कुठे? आपलं पोहणं म्हणजे डबा नाहीतर ट्यूब पाठीला बांधायची, काकाने नाहीतर मोठ्या भावाने विहिरीत ढकलायचं, दोनदा नाकातोंडात पाणी जायचं आणि तिसऱ्यांदा यायला लागायचं. माझंही तसंच. मुटके मारण्यात मी एक नंबर होतो, पण उताणं पोहायला मला आजही जमत नाही.

आणि ही नुसती खेळाची गोष्ट नाही. ‘पाण्यात बुडून मृत्यू’ ही बातमी मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा लिहिलीय की मजकूर पाठ झालाय. फक्त नाव, वय आणि गाव बदलायचं. पोहायला गेलेला, म्हशी धुवायला गेलेला, पाय घसरलेला. गिरणेच्या पात्रात वाळूचे खड्डे झालेत, वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि एका पावलावर माणूस जातो. त्यातल्या काही पोरांना हात मारता येत होते. पण दम संपल्यावर उताणं पडून श्वास घ्यायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मेडलीतला दुसरा प्रकार, बॅकस्ट्रोक. ऑलिंपिकमध्ये त्याला पदक मिळतं, आपल्याकडे त्याने जीव वाचला असता.

आता त्या तीन शब्दांबद्दल

सुरुवातीला म्हटलं होतं, कारण शेवटी सांगतो.

सहावीत असताना माझा एक जिगरी मित्र होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आमच्यात सगळ्यात चांगला पोहणारा तोच. विहिरीच्या काठावरून सूर मारायचा तर पाण्याचा आवाजसुद्धा होत नसे. त्या वर्षी सुगीत मळणी यंत्रात त्याचा उजवा हात गेला. मनगटाच्या वरपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात तो आमच्याबरोबर विहिरीवर आला. शर्ट काढायला लागला. आणि मी म्हणालो, “तू नको ना भो. तू काठावर बस. आमचे कपडे सांभाळ.”

मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही. भीती वाटली होती, त्याला काही झालं तर घरी काय सांगायचं. वाईट मनात नव्हतं. त्या शिबिरातल्या माणसाच्या मनातही नसेल. तो बसला. पूर्ण उन्हाळा बसला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आलाच नाही. आता तो सुरतला असतो, बरं चाललंय त्याचं.

ते गृहस्थ येऊन गेल्यावर चार-पाच दिवसांनी मी त्याला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, “तुले आठवतं का रे, विहिरीवर मी तुला काठावर बसवलं होतं?”

तो हसला. म्हणाला, “आठवतं ना भो. पण कपडे सांभाळले का नाही? एकाचा तरी शर्ट हरवला का?”

मला बोलता येईना. मग तोच म्हणाला, “आता पोरगी जाते इथे तलावात शिकायला. मी सोडायला जातो. बसतो काठावर. सवय आहे.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ऑफिसात बसून होतो. तेव्हा सुयश जाधवचं नाव मला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, तो तेव्हा जन्मलेला असेल-नसेल. पण पेटकर तर होऊन गेले होते. वीस वर्षं आधी. पाय लुळे पडलेल्या माणसाने पोहण्याचा विश्वविक्रम केलाय, हे आमच्या शाळेत एका मास्तरांनी जरी सांगितलं असतं, तर मी कदाचित ते वाक्य बोललो नसतो. इतिहास कशाला वाचायचा, असं पोरं विचारतात ना? याच्यासाठी. कुणाला काठावर बसवायच्या आधी आठवायला.

उत्तर

तर त्या गृहस्थांना मी फोन करून सांगितलं. होय, एका हाताने पोहता येतं. दोन्ही पंजे नसताना चारही प्रकार पोहून आशियाचं पदक आणलेला माणूस आपल्याच राज्यात आहे. तुम्ही पोराला उगा आशा लावत नाही आहात. पण विहिरीत ढकलायचं नाही, नदीत न्यायचं नाही. शिकवणारा जाणकार पाहिजे, तलाव पाहिजे, आणि पहिले काही दिवस तुम्ही स्वतः पाण्यात पाहिजे.

दोघांनी मिळून तीन-चार ठिकाणी विचारलं. एका ठिकाणचे प्रशिक्षक तयार झाले. सकाळी गर्दी नसताना एक तास. मागच्या रविवारी मी पण गेलो होतो. पोरगा तासभर कठडा सोडायला तयार नव्हता. बाप छातीभर पाण्यात उभा, हात पसरून. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा प्रशिक्षकांनी त्याच्या पाठीखाली हात धरला, त्याला उताणं केलं आणि हळूच हात काढून घेतला. पोरगा तरंगला. मोजून चार-पाच सेकंद असेल. मग घाबरून बापाच्या गळ्यात पडला. विक्रमाच्या वहीत याची नोंद होणार नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

शेवटचं. आपल्या तालुक्यात ज्यांच्या हातात काही आहे, ते सगळे ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. लाइक करत नाहीत, पण वाचतात. क्रीडा संकुल, व्यायामशाळा, सुशोभीकरण यांची भाषणं आपण ऐकतो. ऑलिंपिकचा तलाव नका बांधू. पंचवीस मीटरचा, कंबरभर ते छातीभर पाण्याचा, जीवरक्षक आणि शिकवणारा माणूस असलेला एक साधा तलाव, आणि प्रत्येक शाळेच्या पाचवी-सहावीच्या पोरा-पोरींना महिनाभर सक्तीचं पोहणं. पायरीच्या बाजूला एक उतार करा, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचं मूलही पाण्यापर्यंत येईल. त्यातून मार्शां निघेल असं मी म्हणत नाही. पण माझी ती पाठ झालेली बातमी वर्षातून दोनदा कमी लिहावी लागली तरी पुष्कळ.

तुमच्या गावात, गल्लीत असं कुणी मूल असेल ज्याला ‘तू काठावर बस’ सांगितलं गेलंय, तर त्याच्या आईबापांना ही पोस्ट दाखवा. शिकवायला तयार असलेले कुणी जुने पोहणारे असतील तर इनबॉक्समध्ये कळवा, मी जोडून देतो. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.

— तुमचाच, भडगावहून